मिस्त्री पाठ करून ऐकायचे

समोरच्या माणसाने वेल्डिंगची मशीन सुरू केली की आमचे मिस्त्री त्याच्याकडे पाठ करायचे. रुसल्यासारखे नव्हे, अगदी सहज. हात मागे बांधायचे, मान जराशी डावीकडे कलती करायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मागे ठिणग्या उडत असायच्या, चर्रर्र आवाज चालू असायचा आणि हे भिंतीवर पाल दिसल्यासारखे निश्चल. आवाज थांबला की न वळताच म्हणायचे, "मधात हात उचलला तू. चार बोटं झाल्यावर." जाऊन पाहावे तर बरोबर चार बोटांवर सांधा तुटलेला.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादू वाटे आणि दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला नाटक. मी एकदा विचारले होते, "काकाजी, समोर उभे राहून का नाही पाहत?" तर म्हणाले, "मी पाहिलं का शिकणारा मलेच पाहते गा. मी पाठ केली का मंग तो कामाले पाहते."

मिस्त्री कामठीला राहायचे. उभा जन्म एका कारखान्यात वेल्डिंग करण्यात गेला आणि सुट्टीच्या दिवशी लोकांची फाटके, खिडक्यांच्या जाळ्या करण्यात. नागपूरच्या प्रताप नगरात वडिलांनी घर बांधले तेव्हा आमचे फाटक त्यांनीच केले. मी तेव्हा शाळेत होतो. आज माझे केस पांढरे झालेत, पण त्या फाटकाचा एक सांधा हललेला नाही. वडील त्यांना मिस्त्री म्हणत, मी काकाजी म्हणे. कारखाना सुटल्यावरही ते महिन्यातून एकदा चहाला येत. आत यायच्या आधी फाटक एकदा उघडून, लावून, पुन्हा उघडून पाहत आणि मगच चप्पल काढत.

त्यांना जाऊन आता दीड वर्ष झाले. त्यांच्याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते, पण हात धजत नव्हता. कारण त्यांच्याविषयी खरे लिहायचे तर माझ्याविषयी थोडे वाईट लिहावे लागते.

सुरुवात वडिलांच्या मोटारीपासून झाली. पांढरी, जुनी, गोल दिव्यांची मोटार. आजारपणात वडील खाटेवरून सांगत, "आठवड्यातून एकदा तरी सुरू करत जा रे तिला." मी "हो, करतो" म्हणे. केले नाही. ते गेल्यावर तर तिच्यावर ताडपत्री टाकली आणि मोकळा झालो. चार पावसाळे ताडपत्रीच्या खोळीत पाणी साचत राहिले. पाचव्या वर्षी दार उघडून आत पाय ठेवला तर पाय खालच्या फरशीला लागला. मोटारीचा तळ गंजून बिस्किटासारखा झाला होता.

तेव्हा मी ठरवले, हा तळ मी माझ्या हाताने बसवीन. गॅरेजवाल्याला देणे सोपे होते, पण ज्याला "हो, करतो" म्हटले होते तो माणूस उरला नव्हता. निदान हात तरी माझे असावेत, असे वाटले. मी सरकारी कचेरीतला माणूस, आयुष्यात बल्ब बदलण्यापलीकडे काही केलेले नाही. मोबाइलवर लोक काय काय जोडताना पाहिले आणि सरळ मिस्त्रींना फोन केला.

फोन उचलला की ते "जय भीम" म्हणायचे, मग पलीकडचा माणूस कोण ते विचारायचे.

"काकाजी, मला एक वेल्डिंग मशीन घ्यायची आहे. घरी मोटारीचे काम करायला. स्वस्तातली. कोणती घेऊ?"

"पहिली का?"

"पहिलीच."

"मंग मशीन नंतर घे. आधी डोळ्यांवरचा मुखवटा घे, चांगला. मशीन स्वस्त चालते, मुखवटा स्वस्त नाही चालत."

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. कापडी पिशवीत एक छोटी हातोडी आणि कागदात गुंडाळलेला गूळ. हातोडीने तळावर टकटक करत गेले. गंजलेला पत्रा बोदा वाजे, शाबूत पत्रा खणखणे. जिथे आवाज बदलला तिथे त्यांनी खडूने रेघ मारली आणि चांगल्या भागातला तळहाताएवढा तुकडा मला कापायला लावला. तो अंगठा आणि बोटात धरून म्हणाले, "हे पाह्य. हा पापड आहे. फाटकाची पट्टी म्हणजे भाकर. भाकरीची आच पापडाले लावली त काय होईन?"

मग घरातल्या मीटरपाशी जाऊन उभे राहिले. गिझरचा मोठा प्लग कुठे आहे ते पाहिले. मी मोबाइलवर निवडून ठेवलेल्या मशिनींचे आकडे वाचून दाखवत होतो, ही दोनशे अँपिअर, ती अडीचशे. त्यांनी मला मधेच थांबवले. "मशीन किती वर जाते हे सारेच सांगतात गा. ती किती खाली उतरते आन खाली उतरून शांत राहते का, ते विचार. पापडाचं काम खाली आहे."

त्यांच्या मते मला रॉडची मशीन नको होती. तारेची लहान मशीन हवी होती. गॅसचे नळकांडे लागत नाही अशी, तारेच्या पोटातच मसाला भरलेला असतो. घरच्या प्लगवर चालते, दोन क्षण जोडायचे, थांबायचे, पत्रा निवू द्यायचा, पुन्हा दोन क्षण. "आन दुकानात गेल्यावर चालवून दाखव म्हणाचं. न चालवता घ्याची नाही." निघताना माझ्या मोटारीचा तो तुकडा त्यांनी पिशवीत टाकला.

रविवारी आम्ही इतवारीकडे लोखंडी सामानाच्या गल्लीत गेलो. मिस्त्री कामठीहून धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते. दुकान मोठे होते. काचेचे दार, आत चकचकीत मशिनी रांगेने मांडलेल्या. विकणारा पोरगेला, टापटीप आणि बोलण्यात पटाईत होता. मिस्त्रींनी पिशवीतून गंजक्या कडांचा पत्र्याचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला तेव्हा त्याने तो दोन बोटांनी बाजूला सरकवला. तुकडा माझ्याच मोटारीचा होता, पण मला मिस्त्रींची लाज वाटली.

"इसपे चला के दिखा," मिस्त्री म्हणाले.

त्याने नाखुशीने दुकानामागच्या मोकळ्या जागेत दोनशे अँपिअरची रॉडची मशीन लावली. दोन-तीन गिऱ्हाईकेही गंमत पाहायला मागे आली. मिस्त्रींनी आकडा खाली उतरवायला सांगितला, चार पावले मागे सरले आणि नेहमीप्रमाणे वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

विकणारा थांबला. त्याने आमच्याकडे पाहिले आणि मोठ्याने म्हणाला, "काकाजी, मशीन इधर है. उधर तो दीवार है!"

गिऱ्हाईके हसली. मीही हसलो.

लगेच गप्प झालो, पण हसलो हे खरे. मिस्त्री वळले नाहीत. म्हणून मी मनाशी म्हटले, त्यांना काही कळले नाही.

मशीन चालली. आवाज थांबल्यावर ते वळले आणि सरळ मला म्हणाले, "मोठी चांगली आहे. पण खाली उतरली का थरथरते. तुह्या पापडाचं हिच्यानं नाही होणार."

विकणाऱ्याने मिस्त्रींकडे पाहिलेच नाही. तो माझ्याकडे वळला. "सर, आप तो पढ़े-लिखे हो. दो सौ है दो सौ. कल को कुछ बड़ा काम निकला तो?" शिवाय तारेच्या मशीनपेक्षा ती स्वस्त होती आणि तिच्यावर एक मुखवटा फुकट होता. मी ती घेतली. आज विचार करतो, काहून घेतली? पैसे हे एक कारण झाले. खरे कारण हे, की हसणाऱ्यांच्या बाजूला एकदा उभा राहिल्यावर तिथून परत यायला मला जमले नाही.

मिस्त्री रागावले नाहीत. उलट खोके रिक्षात ठेवताना एका बाजूने हात लावला आणि म्हणाले, "असू दे. फाटका-खिडक्याले कामी येईन." मी घरी जेवायला चला म्हटले तर नको म्हणाले आणि कामठीच्या ऑटोत चार माणसांत दाटीवाटीने बसून गेले. पिशवी मांडीवर. त्या पिशवीत त्यांनी पत्र्याचा तुकडा परत ठेवला होता.

पुढे व्हायचे तेच झाले. रॉड टेकवला की पत्र्याला भोक. भोक बुजवायला गेलो की ते वाटीएवढे. घरातले दिवे मंद होत, मग सगळेच जात. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून विचारत, "साहेब, अजून किती भोकं पाडायची राहिली?" पंधरा दिवसांत उजव्या बाजूच्या तळाची चाळणी झाली. शेवटी मी चौकातल्या गॅरेजवाल्याला बोलावले. त्याने गॅस आणून एका दुपारी उजवी बाजू सुबक जोडून दिली. डावी मी तशीच ठेवली.

आणि मग मी मिस्त्रींना फोन करून सांगितले, "काकाजी, एक बाजू झाली. मी केली."

असे का सांगितले ते अजून नीट सांगता येत नाही. त्यांचे न ऐकता घेतलेली मशीन वाया गेली नाही, एवढे कदाचित सिद्ध करायचे होते.

ते आनंदाने आले. फाटक उघडून, लावून पाहिले, मोटारीपाशी उकिडवे बसले आणि सांध्यावरून अंगठा फिरवू लागले. त्यांची नजर तेव्हा बरीच अधू झाली होती. अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला.

"लय साजरं काम आहे," ते म्हणाले. थोडे थांबून म्हणाले, "पण हे गॅसचं काम आहे गा. तुह्या घरी गॅस त सैपाकाचाच आहे."

मी उगीच ताडपत्रीची घडी घालू लागलो.

"ज्यानं केलं त्याले सांगजो, मिस्त्रीनं शाबासकी देल्ली म्हणून."

उठले, हात झटकले. काम झाले की गूळ खायचा, ही त्यांची जुनी रीत होती. घशात गेलेला धूर गुळाने उतरतो, असे कारखान्यात सगळेच मानत. काम कोणीही केलेले असो, ते सगळ्यांच्या तळहातावर एकेक खडा ठेवत. त्या दिवशीही त्यांनी कागद सोडला आणि माझ्या हातावर खडा ठेवला. "तुह्या घशात काही गेलं नाही. पण खा," म्हणाले. इतका कडू गूळ मी कधी खाल्ला नव्हता.

जाताना फाटकात थांबून त्यांनी सांगितले, की डोळ्यांमुळे आता एकटे राहणे जमत नाही, पुढच्या आठवड्यात लेकीकडे चंद्रपूरला राहायला जातो आहे. "परत येणं काही होत नाही वाटते. तुह्या हातचा एक सांधा तेवढा ऐकाचा होता." तक्रार नव्हती. नळाला पाणी आले नाही असे सांगावे, तशा आवाजात सांगितले.

मी त्यांना बसवर सोडायला गेलो नाही. कचेरीत काम आहे म्हणालो. काम नव्हते.

त्यानंतर चार महिने मी त्यांना फोन केला नाही. पण दोनशेवाली मशीन मिळेल त्या किमतीला देऊन टाकली आणि तारेची लहान मशीन घेतली. मुखवटा आधी घेतला, चांगला. दुकान दुसरे होते. चालवून दाखवा म्हटले, आकडा खाली उतरवायला सांगितला आणि मीही भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. पहिल्या मशीनचा आवाज फटफट तुटत होता. दुसरीचा तेलात भजी सोडल्यासारखा एकसारखा आला. दुसरी घेतली. मागे कोणी हसले असेल तर मला ऐकू आले नाही. माझा कान अजून तेवढा तयार नव्हता.

सरावाला पातळ पत्रा हवा होता. गच्चीवर जुना कूलर पडला होता. नागपूरच्या कुठल्या गच्चीवर तो नसतो? मी त्याच्या बाजू कापल्या आणि एका रविवारी परसातल्या शेडचे दार लावून दुपारभर जोडत बसलो. पांढरा दाट धूर निघत होता. मला वाटले, असाच निघत असेल. संध्याकाळी हुडहुडी भरली, तोंडात नाणे धरल्यासारखी चव आणि अंगात ताप. बायकोने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कशाचा धूर होता ते विचारले आणि मला सांगता येईना. मग घरी आल्यावर मी लाज बाजूला ठेवली आणि चंद्रपूरला फोन लावला.

"जय भीम. कोण?"

मी नाव सांगितले, तापाचे सांगितले.

"कूलरचा पत्रा जाळला का?"

"हो."

"येड्या! त्याच्यावर जस्त राह्यते. तो पत्रा जोडाचा नसते. आन दार लावून बसला असशीन?"

"हो."

"डॉक्टर काय म्हणतात ते कर, आन तो पत्रा भंगारात दे. काळा पत्रा आण. दार उघडं ठेव, पंखा लाव." आणि मग एकदम आवाज बदलून, "म्हणजे तू करून राहिला त!"

"करून राहिलो, काकाजी."

त्या "त!" मध्ये इतका आनंद होता, की मला फोन ठेवल्यावरही बराच वेळ तसेच बसून राहावे लागले.

मग दर रविवारी फोन होऊ लागला. मी काळ्या पत्र्याच्या पट्ट्या जोडत राहिलो. आधी भोके पडली, मग भोके लहान झाली, मग पडेनाशी झाली. एका जागी फार वेळ रेंगाळू नको, एक टिपका इकडे दिला तर दुसरा तिकडच्या टोकाला दे, नाहीतर पत्रा वाकडा होतो, हे सारे ते तिकडून सांगत. त्यांना आता माणसाचा चेहराही नीट दिसत नव्हता, असे त्यांची लेक सांगायची.

हिवाळा सरता सरता मी डाव्या बाजूच्या तळाला पत्रा बेतून बसवला. एका रविवारी सकाळी फोन लावून मोटारीच्या शेजारी स्टुलावर ठेवला, आवाज मोठा करून. लेकीने उचलला होता. आधी मिस्त्रींचे प्रश्न आले. बॅटरीची तार काढली? काढली. पेट्रोलची टाकी? उतरवून मागच्या अंगणात ठेवली. पाण्याची बादली? जवळ आहे.

"मंग कर सुरू."

मी मुखवटा खाली ओढणार तेवढ्यात लेकीचा हसू दाबलेला आवाज आला, "दादा, थांबा जरासे. बाबा खाटेवर फिरून बसून राहिले. फोनकडे पाठ करून."

मी सुरू केले. टिपका, थांबणे, टिपका. तळ एका बाजूने धरत आला. मला बघणारे कोणी नव्हते. मी फक्त त्या वितळत्या ठिपक्याकडे पाहत होतो. तासाभराने शेवटचा टिपका दिला आणि मुखवटा वर केला. घामाने कपाळ निथळत होते.

मी फोनकडे वाकलो.

"काकाजी?"

"आहो ना. साजरा आवाज आहे. शेवटल्या बोटभर जागेत घाई केली."

मी वाकून पाहिले. शेवटच्या बोटभर जागेत टिपके एकमेकांना टेकलेच नव्हते.

तेव्हा, का कुणास ठाऊक, मला राहवेना. उजव्या बाजूच्या सांध्याचे खोटे त्यांनी मी कबूल करण्याआधीच पकडले होते. दुसरे मात्र अजून माझ्यापाशीच होते.

"काकाजी, एक सांगायचे आहे. त्या दिवशी दुकानात तो पोरगा तुमच्यावर हसला, भिंतीवरून. तेव्हा मीही हसलो होतो."

"ऐकलं होतं मी."

मी डोक्यावरचा मुखवटा काढून खाली ठेवला.

"पाठ होती गा माही. कान तिकडेच होते."

"मग बोलला का नाहीत काही? एवढे दिवस?"

ते जरासे खोकले. पलीकडे खाट करकरली. बहुधा आता ते फोनकडे तोंड करून बसले होते.

"काय बोलाचं? तू हसला, आन तुहं हसणं मधातच तुटलं. तेही ऐकलं होतं ना मी."

डोळे पुसायला हातमोजा काढावा लागला. त्यांनी मला वाटेल तेवढा वेळ दिला. मग त्यांचा तोच जुना, कामावरचा आवाज आला.

"चाल आता. ते बोटभर घासून काढ, आन पुन्हा भर. घाई नको करू. मी बसलोच आहो."